तीन हजार कार्षापणांचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकात कोणत्या शाखेला जावे यावर पानेच्या पाने आली. त्यात इतिहासाला दीड ओळ मिळाली, तीही ‘स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त’ अशी. म्हणून हे पत्र.

आमच्या नातीने बारावी सायन्सनंतर बी.ए.ला इतिहास घेतला, त्याला आता दोन वर्षे झाली. त्या वेळी सोसायटीत दोनच प्रश्न विचारले गेले. “सीईटीला मार्क कमी पडले का?” आणि “मग एमपीएससी करणार असेल?” इतिहास आवडतो म्हणून कोणी इतिहास घेईल, हे कोणाच्या मनातही आले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही आले नव्हते. मी एकतीस वर्षे बँकेत काढली. व्याज दिसत नाही तिथे मला काही दिसत नाही.

ते व्याज मला शेवटी पांडवलेण्यात, म्हणजे आमच्या नाशिकच्या डोंगरातल्या प्राचीन बौद्ध लेण्यांत, दिसले. लहानपणापासून तिथे सहलीला जातो, भेळ खाऊन उतरतो. गेल्या डिसेंबरात नात मला दहा नंबरच्या लेण्यात घेऊन गेली आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांचे छापील वाचन हातात दिले. नहपान या क्षत्रप (शक) राजाचा जावई उषवदात याचा तो दानलेख. भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून दिले. ठेवले कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. (गंगापूर रोडला गोवर्धन गाव अजून आहे.) एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० वर वर्षाला २४० होतात, आणि लेखात पुढे लिहिले आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या (पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस बारे २४०. मी तिथेच बोटांवर हिशेब केला आणि पायरीवर बसलो. जवळजवळ एकोणीसशे वर्षांनी लेजर टॅली झाले! शिवाय हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही त्यात आहे. बारा टक्के दर बघून आमच्या एफडीची आठवण झाली, ते सोडा.

नातीचा प्रश्न मात्र माझ्या पुढचा होता. दोन्ही श्रेणी विणकरांच्याच, मग दर वेगळे का? एकीची पत कमी होती, की दुसरीला पैशाची गरज जास्त? लेख ते सांगत नाही. आणखी एक प्रश्न तिने घातला. याच डोंगरात, तीन नंबरच्या लेण्यात, गौतमी बलश्री आपल्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाचे क्षहरात घराणे निःशेष केल्याचे अभिमानाने कोरते. मग शत्रूच्या जावयाचा लेख कोणी खरवडून का टाकला नाही? नाण्यांच्या बाबतीत उलटे झाले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाणे पुसले, दान राखले.

आता माझी तक्रार. यातले काहीही तिला वर्गात मिळाले नाही. सातवाहन आहेत, पण ‘सातवाहनकालीन आर्थिक स्थिती, गुण १०’ या स्वरूपात, आणि उत्तर गाइडमध्ये तयार. दोन वर्षांत एकदाही वर्ग पांडवलेण्यापर्यंत गेलेला नाही. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिकडेही नाही. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह पाठ करायचा आणि पंचवटीत जायचे ते दर्शनाला. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; तिला शिकवणारे दोघे तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या जूनमध्ये असतील की नाही त्यांनाच माहीत नाही. सहलीची जबाबदारी ते कशाच्या जिवावर घेणार?

नोकऱ्यांचे चित्र फार गुलाबी आहे असे मी म्हणणार नाही. नाही. पण घरात आजोबांच्या वेळची मोडी कागदांची चवड आहे, कर्जखते असावीत, आणि इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलीला त्यातली एक ओळ लागत नाही, याला काय म्हणावे? ब्राह्मी ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकते आहे. पदवीत एक लेख, एक नाणे किंवा एक मोडी कागद स्वतः वाचून त्यावर लिहिण्याला पंचवीस गुण ठेवा, बाकी गाइड राहू द्या.

तोवर, शहरातल्या कोणत्याही महाविद्यालयाने एक शनिवार काढावा. पाथर्डी फाट्यापासून रिक्षांचे भाडे माझ्याकडे. दहा नंबरच्या लेण्यात व्याजाचा हिशेब मी मांडून दाखवतो, अक्षरे वाचणारे कोणी तेवढे त्यांनी आणावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
इंदिरानगर, नाशिक