रंकाळ्यावरच्या त्या चिठ्ठीचं उत्तर

मा. संपादक, नमस्कार.

मागच्या रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले तर कट्ट्याच्या कडेला पुठ्ठ्याचा बॉक्स, आत जुनी ओढणी, बिस्किटाचा चुरा आणि एक तिरंगी मांजर. ओढणीला पिनेनं चिठ्ठी लावलेली, "हिला व्हायरस आहे, हात लावू नका." लोक लांबूनच बघून जात होते, मी तिला घरी घेऊन आले. त्या चिठ्ठीला उत्तर द्यायचंय पण पत्ता नाही, म्हणून तुमच्या पेपरातून देते, तेवढं छापा.

पहिलं म्हणजे हात लावला तर काही होत नाही. मांजरांत असे दोन मोठे व्हायरस आहेत, एफआयव्ही, जो हळूहळू प्रतिकारशक्ती कमी करतो, आणि एफईएलव्ही, म्हणजे मांजराचा ल्युकेमियाचा व्हायरस. एफआयव्हीला लोक मांजराचा एड्स म्हणतात आणि त्या नावानंच सगळा घोळ केलाय. 2017 ला आमच्या बंड्या बोक्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा सासूबाईंनी नातवंडांना आठवडाभर त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही. पण हा व्हायरस 1986 ला कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात सापडला, दुसरा तर त्याच्याही आधी 1964 ला ग्लासगोत, आणि एवढ्या वर्षांत माणसाला लागण झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. कुत्र्यालाही होत नाही. आता सासूबाईंच्याच अंथरुणात झोपतो तो.

बंड्याला झाला तो कौलांवरच्या भांडणातनं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातनं जातो, म्हणून नसबंदी न केलेल्या आणि बाहेर हिंडणाऱ्या बोक्यांत जास्त. मानेला गळू झालं म्हणून दवाखान्यात नेलं, तिथं रक्ताचे थेंब किटवर टाकले, दहा मिनिटांत रेघ आली आणि मला सरळ सांगितलं की इंजेक्शन देऊन झोपवा, काही उपयोग नाही. मी रडत घरी आले. दुसऱ्या डॉक्टरांनी गळू धुतलं, अँटिबायोटिक दिलं, बरा झाल्यावर नसबंदी केली आणि बजावलं की आता घराबाहेर नाही. खिडक्यांना जाळ्या मारल्या, बस. आमची मनी त्याच्यासोबतच राहते, एकमेकांना चाटतात, तिची टेस्ट अजून निगेटिव्ह आहे कारण ते भांडत नाहीत.

सांभाळायचं म्हणजे लई काही नाही, पण रोज लक्ष पाहिजे. कच्चं अजिबात नाही, पूर्वी मी लक्ष्मीपुरीतनं मासळीची डोकी आणून तशीच घालायचे, आता सगळं उकडून. महिन्याला वजन, मी त्याला घेऊन काट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते, वहीत लिहिते. चार किलोच्या मांजराचं दोनतीनशे ग्रॅम जरी कमी झालं तरी डॉक्टरांकडं जायचं, वाट बघायची नाही. सहा महिन्यांनी तपासणी. तोंड बघत राहायचं, हिरड्या लाल होतात, लाळ गळते, भूक असून ताटलीपाशी ओरडतं आणि मागं सरतं. बंड्याचे बरेच दात काढावे लागले, महिन्याभरात पहिल्यासारखा जेवायला लागला. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, अर्ध्या गोळीनं मांजर मरू शकतं, मग व्हायरस असो नसो.

एफईएलव्ही जास्त अवघड, ते लपवत नाही. 2019 च्या महापुरात शाहूपुरीतनं आणलेल्या साखरी मांजरीला तो होता. तो लाळेतनं, चाटण्यातनं, एका ताटलीतनं, आईकडनं पिल्लाला जातो, म्हणून ती माडीवर वेगळी राहिली, तिची भांडी वेगळी, तिच्याकडनं आलं की साबणानं हात धुवायचे, शरीराबाहेर तो व्हायरस फार टिकत नाही. अडीच वर्षं राहिली ती. 2022 च्या सुरुवातीला हिरड्या पांढऱ्या पडल्या, रक्तच तयार होईना झालं. पण ती अडीच वर्षं खिडकीतल्या उन्हात लोळून, चिमण्यांवर दात वाजवून, माझ्या पोटावर झोपून काढली तिनं, आजारी अशी शेवटचे तीनच आठवडे होती. ती वर्षं तिच्याकडनं कुणी का काढून घ्यायची?

आणि एका टेस्टवर निकाल लावू नका हो. एफआयव्हीची टेस्ट व्हायरस नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी बघते, पिल्लात आईच्या अँटिबॉडी असतात त्यामुळं खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, सहा महिन्यांचं झाल्यावर परत करायची. एफईएलव्हीतही काही मांजरांचं शरीर व्हायरसला दाबून टाकतं, म्हणून काही आठवड्यांनी परत, जमलं तर पीसीआर, ती थेट व्हायरसच शोधते. चिठ्ठीत तर कुठला व्हायरस तेही लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या तिरंगीची मी टेस्ट केली, एफईएलव्हीची रेघ आली, फिकी. पुढच्या महिन्यात परत करणार. तोवर साखरीच्या खोलीत आहे, पहिले दोन दिवस कपाटाखाली होती, काल हातातनं उकडलेलं चिकन खाल्लं.

तुम्ही घाबरून सोडलं असणार, घरात लहान मूल असेल, कुणी काहीतरी सांगितलं असेल. मी भांडणार नाही, परत न्या असंही म्हणत नाही. फक्त तिची नसबंदी झालीय का, वय काय, आणि तिला काय म्हणून हाक मारायचात तेवढं कळवा, मी मारते त्या कुठल्याच हाकेला ती वळत नाही. पेपरच्या ऑफिसात चिठ्ठी दिली तरी चालेल, नाव लिहू नका.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर