लेप्टो, काढे आणि जनुकांची जुळणी

संपादक महोदय,

भातलावणी सुरू झाली की आपल्या कोकणात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाची) धास्ती वाढते आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिरातीही. ही शक्ती शरीरात घडते कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २० हजार, जंतूंना ओळखून चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे (अँटीबॉडींचे) प्रकार मात्र अब्जावधी. हे कोडे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उलगडले. १९८७ चे नोबेल त्यासाठीच. अस्थिमज्जेत घडताना बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणारी पांढरी रक्तपेशी, चक्क स्वतःचा डीएनए कापते! प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचे असते. जड साखळीसाठी जनुकाच्या तुकड्यांचे तीन गट असतात: ‘व्ही’चे सुमारे ४०, ‘डी’चे २३ आणि ‘जे’चे ६ तुकडे. प्रत्येक गटातला एकेक निवडून जोडला जातो, मधला भाग गळतो. झाल्या साडेपाच हजार जुळण्या. शिवाय सांध्यांवर डीएनएची काही अक्षरे यदृच्छेने गळतात, काही नव्याने भरली जातात. हलकी साखळी अशीच, पण ‘डी’विना. म्हणजे जंतू येण्याआधीच असंख्य वेगवेगळ्या पेशी तयार असतात. ज्या पेशीचे प्रतिपिंड जुळते, तीच वाढते. लेप्टोच्या एका प्रकाराविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्या प्रकारावर बहुधा चालत नाही, म्हणून एकदा होऊन गेलेल्यानेही गाफील राहू नये.

डीएनए कापणारे विकर (एन्झाइम) सदोष असलेली बालके साध्या संसर्गानेही दगावू शकतात. कोणता काढा ते दुरुस्त करणार?

आपल्या विज्ञान पुरवणीत यावर सचित्र लेख द्यावा, तोही लावणीच्या आधी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, कुडाळ