शेवटची पायरी आधी

महोदय,

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मी २२ वर्षे शिकवते आहे. तपासणीला येणारे साहेब वह्या मागतात, मुलांची बोटे कोणी बघत नाही.

माझ्या वर्गातला १४ वर्षांचा एक मुलगा शर्टाचे बटण लावायला चार महिन्यांत शिकला. आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. बटण काजातून अर्धे मी बाहेर काढते, त्याने फक्त ओढायचे. ते जमले की त्याआधीची पायरी. म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद दर वेळी त्याचाच. आधी स्वेटरचे मोठे बटण, मग शर्टाचे. शिवाय कणीक मळणे, मटार सोलणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे. बोटांत जोर आल्याशिवाय बटण हलत नाही. घरी मात्र आई पटापट बटणे लावून देते. तिला तरी काय बोलणार, सातला रिक्षा दारात असते!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आमच्याकडे व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या बाई, महिन्यातून एकदा येतात. त्या निदान आठवड्याला याव्यात, आणि प्रगतिपुस्तकात बटणालाही एक रकाना असावा.

– एक विशेष शिक्षिका, सातारा