चप्पल सरळ करून ठेवणाऱ्या टेम्पोवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

"नाव टाकू नका, गावात चेष्टा करत्याल," असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून नाव टाकत नाही. पत्र लिहू नका असं मात्र म्हणाला नव्हतात. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असूद्या ताई" म्हणून फोन ठेवून देता. इथे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

परवा शिवाजीनगर कोर्टात बाबांच्या दाव्यात तडजोड झाली. चूक पूर्णपणे कंटेनरवाल्याची, हे त्याच्या विमा कंपनीनं एकदाचं मान्य केलं. तुमच्या जबाबाशिवाय हे झालं नसतं, असं आमचे वकील म्हणाले. आणि वकील लोक श्रेय वाटत फिरत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

आता ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दसऱ्याच्या आधीचा आठवडा, पहाटे साडेपाच. सकाळी आठला बाबांच्या डोळ्यांची तपासणी होती, म्हणून त्यांना वाईहून कोथरूडला आणत होते. नवीन कात्रज बोगदा मागे पडला, दरी पूल गेला आणि नवले पुलाकडचा उतार लागला. पुणेकरांना तो उतार समजावून सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एकाच अपघातात ४८ गाड्यांचं नुकसान झालं होतं. पुढे गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून मी थांबले. नुसता वेग कमी केला असं नाही, पूर्ण थांबले. पुढच्या पांढऱ्या गाडीत आणि माझ्या गाडीत चांगलं अंतर होतं. "इथे चहा मिळेल का गं कुठे?" असं बाबा विचारत होते आणि तेवढ्यात मागून कंटेनर आला. त्यानं आम्हाला ढकललं आणि आम्ही पांढऱ्या गाडीवर जाऊन आदळलो.

पुढे वर्षभर भांडण चाललं ते एवढ्याचवर, की आधी कोण कुणाला धडकलं. मी आधी पांढऱ्या गाडीला ठोकलं आणि मग कंटेनर माझ्यावर आला असं ठरलं असतं, तर त्या गाडीची भरपाई माझ्या गळ्यात आणि बाबांच्या दुखापतीतही निम्मी चूक माझी. दोन धडका, दोन आवाज. त्यातला पहिला कुठला?

पांढऱ्या गाडीतल्या साहेबांना त्याची खात्रीच होती. खाली उतरल्यावर त्यांनी आधी मोबाइल काढून माझ्या गाडीच्या नंबरप्लेटचा व्हिडिओ घेतला. मग "इन्शुरन्स आहे ना?" हे विचारलं. कुणाला लागलंय का, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. कंटेनरच्या विमा कंपनीचा माणूस पुढे कधीतरी मला म्हणाला, "मॅडम, लेडीज ड्रायव्हर पटकन ब्रेक मारतात, आम्ही रोज बघतो." ज्यानं मला पॉलिसी विकली तो एजंट दर दिवाळीला न चुकता फराळाच्या ताटाचं चित्र पाठवतो. त्याला मी अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी त्यानं उचलला आणि म्हणाला, "ताई, हे आपल्या हातात नसतं." मग काय असतं हो तुमच्या हातात, फराळाचं ताट?

असो. तुमच्याकडे येते.

तुम्ही शेजारच्या लेनमध्ये होतात. टेम्पोत पिंपरीच्या फूलबाजारात न्यायचा झेंडू होता. तुम्ही टेम्पो आमच्या मागे आडवा घेतलात, चारही दिवे लुकलुकत ठेवलेत आणि बाबांच्या बाजूचं अडकलेलं दार खेचून उघडलंत. कडेला क्रेट उपडा टाकून त्यावर त्यांना बसवलंत. बाबांचं वय ८१. सीटबेल्टच्या पट्ट्यानं डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी बाबा एकच म्हणत होते, "माझी चप्पल." एक पायात होती, दुसरी नव्हती. आणि मी, त्यांची मुलगी, त्यांच्यावर खेकसले, "चपलेचं काय घेऊन बसलात, बाबा!"

तुम्ही काही बोलला नाहीत. मोबाइलचा उजेड करून आमच्या गाडीत खाली वाकलात. तिथे नव्हती. मग कंटेनरच्या चाकापर्यंत जाऊन आलात. चप्पल तिथे पडली होती, पार उलटी. ती झटकलीत, अडकलेली काच काढलीत, आपल्या पँटला पुसलीत. आणि बाबांपुढे नुसती टाकली नाहीत. देवळातून बाहेर येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासाठी ठेवतात तशी सरळ करून, अंगठा पुढे, बरोबर पायाजवळ ठेवलीत.

बाबांनी पाय आत सरकवला. आणि मग पहिल्यांदा म्हणाले, "खांदा दुखतोय गं."

माझ्या वडिलांनी आयुष्यात इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय कोपऱ्यावरून दूधसुद्धा आणलं नाही. ते हमरस्त्याच्या कडेला एका पायात अनवाणी बसले होते आणि चारजण त्यांचं शूटिंग करत होते. दुखणं सांगायच्या आधी त्यांना चप्पल हवी होती. हे मला कळलं नाही. तुम्हाला कळलं.

मी शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षं 'परोपकार' या विषयावरचे निबंध तपासतेय. झाडं येतात, नद्या येतात, गाय तर येतेच येते. कंटेनरखालून चप्पल काढून आणणारा माणूस एकाही वहीत भेटलेला नाही. भेटला असता तर मीच लाल पेनानं 'विषयांतर' असा शेरा मारला असता.

जबाबाचं तर काय सांगू! अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर पोलिसांना नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०२० साली तसे नियम झाले आहेत. हे मला पुढे वकिलांकडून कळलं. तुम्ही गप निघून गेला असतात तरी कुणी काही म्हणू शकलं नसतं. त्याऐवजी तुम्ही खिशातून आडत्याची जुनी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, काढलीत, तिच्या मागे कंटेनरचा नंबर, वेळ आणि तुमचा मोबाइल नंबर लिहून ती माझ्या हातात कोंबलीत. पुढे चौकीवर स्वतःहून आलात. "ताईंची गाडी हुबी हुती, बिरेकचे लाल दिवे मला दिसत हुते. आदी आवाज मागनं आला, मग पुढनं," एवढंच सांगितलंत. चौकीतल्या साहेबांनी तीनदा फिरवून विचारलं, तुम्ही तीनदा तेच सांगितलंत, शब्दसुद्धा बदलला नाहीत.

चौकीच्या बाकड्यावर तुम्ही मला समजावलं होतंत ते मी अजून लोकांना सांगते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकतात, मग इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून दगा देतात. त्यात कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकला लागणारी हवाही भरत नाही. "न्यूट्रल टाकला की गाडी आपली ऱ्हात न्हाय, ताई." कंटेनरवाला पोरगा विशीतला असेल, तोही कोपऱ्यात बसून ऐकत होता. तुम्ही त्यालाही चहा पाजलात. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, ती मी दसऱ्यानंतर खोदून विचारली तेव्हा कळली. त्या दिवशी तुम्ही बाजारात पोचलात तोवर लिलाव उरकला होता. झेंडू मिळेल त्या भावानं द्यावा लागला. आणि त्यातली अर्धी फुलं तुमच्या शेजाऱ्याची होती, त्याला तुम्ही सकाळच्या भावानं पैसे दिलेत.

तुमची पट्टी इतके दिवस दाव्याच्या कागदांत होती. पुढची बाजू मी कितीदा वाचली असेन: झेंडू, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शिल्लक ६४० रुपये. वकील म्हणाले, आता परत मिळेल. मिळाली की आणून देते, छायाप्रत मी माझ्याकडे ठेवणार आहे. बाबाही येणार म्हणतात. खांदा वर जात नाही पुरता, पण चप्पल तीच आहे, अंगठा एकदा शिवून घेतलाय. येऊ तेव्हा फोन उचला, आणि "असूद्या ताई" म्हणू नका.

तुमची,
कोथरूडची ताई