मॉनिटर निवडला, पण त्याने ठरवायचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत मुलांना लोकशाही शिकवायला हवी असं सगळेच म्हणतात, भाषणात तर हमखास, आणि मग पुस्तकात अजून एक धडा वाढतो. सभागृहं किती, मतदानाचं वय किती, मूलभूत हक्क कोणते, मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. मी शिक्षिका आहे, हे रोज जवळून बघते आणि मनापासून वाईट वाटतं. माहिती नकोच असं मी म्हणत नाहीये, ती हवीच, पण ज्या मुलाला दिवसभरात कुणी एकदाही "तुला काय वाटतं रे?" असं विचारत नाही त्याला मताची किंमत धड्यातून कशी कळणार?

मॉनिटरची निवडणूकच बघा ना. चिठ्ठ्या, मतमोजणी, टाळ्या, सगळं अगदी छान होतं. एका वर्गात निकाल लागल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, आता हा काय काय ठरवणार?" खरं उत्तर असं की काहीच नाही. टीचर बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि वह्या गोळा करून स्टाफरूममध्ये नेऊन ठेवायच्या, एवढंच. म्हणजे मुलांनी निवडून दिलेला मुलगा पहिल्या दिवसापासून मुलांचा राहतच नाही, तो आमचा माणूस होतो. आणि बाकीची मुलं काय शिकतात तर मत दिलं, आपलं काम संपलं.

मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, वयाप्रमाणे आणि समजेप्रमाणे त्याला वजन द्यायचं, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या कलम 12 मध्ये लिहिलेलंच आहे. 1999 मध्ये 28 देशांतल्या साधारण 90 हजार चौदा वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी झाली होती, त्यात दिसलं की जिथे वर्गात मोकळेपणाने चर्चा होते तिथल्या मुलांना नागरिकशास्त्र जास्त समजतं, पण वर्गात मत मांडायला नेहमी प्रोत्साहन मिळतं असं सांगणारी मुलं होती जेमतेम एक चतुर्थांश.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते यानुश कोर्झाकचं. पेशाने डॉक्टर, पोलंडमधल्या वॉर्सामध्ये अनाथ मुलांचं वसतिगृह चालवायचे. तिथे मुलांचं स्वतःचं कोर्ट होतं, न्यायाधीशही मुलंच, आणि मोठ्यांवर सुद्धा तक्रार करता यायची, स्वतः कोर्झाकवर मुलांनी खटले चालवले आणि त्यांनी ते निकाल मानले. त्या कोर्टाच्या नियमांत सुरुवातीची कलमं शिक्षेची नव्हती, सोडून देण्याची, माफ करण्याची होती. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आपण अजून मुलांना एवढी साधी गोष्ट सोपवायला घाबरतो की वाचनालयात या वर्षी कुठली पुस्तकं घ्यायची!

पालकांची एक भीती मला कळते, की याने शाळेत राजकारण शिरेल. त्यावर जर्मनीत 1976 मध्येच शिक्षणातल्या लोकांनी एक तोडगा काढला, त्याला बॉयटेल्सबाख सहमती म्हणतात. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही, समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचा विषय म्हणूनच मांडायचं, आणि मुलांना स्वतःचा विचार करून त्यात भाग घेता यावा. मला हे अगदी पटतं, कारण विषयच टाळला तर मुलं तो दुसरीकडून शिकतात आणि तिथे दुसरी बाजू मांडायला कुणी नसतं.

आणि मुलांना मत देऊन ठरवू द्यायचंच असेल तर नीट करा. हात वर करा म्हटलं की निम्मी मुलं आधी मागे वळून बघतात, मित्राचा हात वर गेलाय का, मगच आपला वर करतात, म्हणून चिठ्ठीच हवी. मतदानाआधी चर्चेला पुरेसा वेळ हवा. खर्चाचा विषय असेल तर पैसे किती आहेत ते मुलांना आधी सांगा, नाहीतर ती आकाशातले तारे मागतील आणि आपण हसून सोडून देऊ. आणि जी मुलं हरतात त्यांच्याकडे जास्त लक्ष हवं. ती रुसतात, "मग तुमचं तुम्हीच करा" म्हणून बाजूला बसतात, तिथेच खरी शिकवणी असते. त्यांच्या म्हणण्यातलं काही घेता येतं का, पुढच्या वेळी हाच विषय पुन्हा मांडता येईल का, हे त्यांच्यासमोर बोलायला हवं. नुसतं बहुमत झालं, चला पुढे, असं केलं तर त्या कमी मतं पडलेल्या मुलांना लोकशाही म्हणजे आपल्याला गप्प बसवायची पद्धत वाटणार ना.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या वर्षी पहिल्याच महिन्यात एक तरी खरा विषय मुलांच्या हातात द्या, वर्गाचे नियम, खेळाचं वेळापत्रक, पुस्तकांची खरेदी, काहीही. आणि त्यांचा निर्णय नाकारायची वेळ आली, तशी येऊ शकते, तर तोंडी "नाही जमणार" सांगून वाटेला लावू नका. कारण लिहून नोटीस बोर्डावर लावा आणि त्यावर त्यांना काय म्हणायचंय तेही ऐकून घ्या.

आपली,
एक शिक्षिका