सूचना : ऑर्डर देताना मोबाईल बाजूला ठेवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी नेहमीप्रमाणे सिंहगड चढून वर पिठलं-भाकरीचा बेत आहे. त्याआधी एक कळकळीची विनंती. गेल्या खेपेला आपल्यातले काहीजण कानाला फोन लावूनच ऑर्डर देत होते. चुलीपाशी बसलेल्या मावशी "भाकरी किती? दही हवंय का?" असं विचारत राहिल्या आणि त्यांना उत्तर मिळालं ते बोटांच्या खुणांनी. तव्यावरची भाकरी करपली, मागची रांग खोळंबली. हे मनाला फार लागलं. धुरात बसून कोणी आपल्यासाठी रांधतंय, तर त्यांच्याकडे बघून दोन शब्द बोलायलाच हवेत.

फोन आलाच तर रांगेतून बाजूला व्हा, बोलणं उरका, मग ऑर्डर द्या. फारच तातडीचं असेल तर सोबतच्याला सांगा, तो देईल. स्पीकरवर बोलणं आणि मोठ्या आवाजात रील्स लावणं कृपया नकोच. शहरातल्या कॅफेत आणि किराणा दुकानातही हेच पाळूया.

पैसे देताना क्यूआर कोडसमोर उभं राहून ॲप शोधत बसू नका, ते आधीच उघडून ठेवा. यूपीआय लाइटमध्ये पैसे भरलेले असतील तर १००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. पैसे मिळाल्याची दुकानदाराने खात्री केल्याशिवाय निघू नका. थोडे सुटे जवळ असू द्या.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं कळवावीत.

– व्यवस्था समिती