वैजूस पत्र : बुंदीची शाळा

शाहूपुरी, सातारा
मंगळवार, रात्री साडेदहा

प्रिय वैजू,

फोटो पाहिला. कारवानी जातीच्या कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू, चारही पाय कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे, आणि तोंडात तुझ्या चपलेचा अंगठा. खाली तू लिहिलंयस, "हे माझं काहीच ऐकत नाही, मंदे, काय करू?" अगं, चार दिवस झाले त्याला सांगलीत, तुमच्या विश्रामबागेत येऊन. आपलं नाव शेरू आहे हे तरी त्याला अजून कुठं कळलंय?

फोनवर सांगायला लागले की तू मध्येच सुनेचं काढतेस, म्हणून पत्र. आणि वाचायच्या आधी ती चप्पल उचलून वर ठेव. खाली राहिली तर चूक तुझी.

आमची बुंदी दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात इथल्या चार भिंती स्मारकाच्या वाटेवर भिजून कुडकुडताना सापडली. गावठी, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. सासूबाई दत्ताच्या, औदुंबरला जायचं म्हटलं की गुडघे दुखायचे थांबतात त्यांचे. त्यांनी उंबऱ्यातूनच निकाल दिला, "दत्ताच्या पायाशी चार असतात, आपल्या दारात एक असायला काय झालं?" विषय संपला. पण पुढचे सहा महिने घरात जो गोंधळ चालला, त्यात बुंदीचा वाटा चार आण्यांचा आणि आमचा बारा आण्यांचा.

मी तिला "बस" म्हणायची. हे "सिट". चिन्मय "सिट डाऊन", तेही तीनदा. सासूबाई "बैस गं बाई जरा". ते जनावर एकेकाच्या तोंडाकडं बघायचं आणि शेवटी कंटाळून पायपुसण्याची कड चावायला घ्यायचं. आम्ही म्हणायचो, ढ आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी माझी भाची एकदा राहायला आली, तिनं अर्धा तास हा तमाशा पाहिला आणि म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही चौघं ठरवा, मग तिला सांगा." त्या रात्री फ्रीजवर कागद लागला: बस, थांब, ये, सोड, जागेवर. पाचच शब्द. "नाही" मुद्दाम घेतला नाही, कारण तो आमच्या घरात दिवसातून दोनशे वेळा उच्चारला जातो आणि कुणीच ऐकत नाही. "बस"चा घोळ तरीही झालाच. वाढताना यांनी "बस, बस" म्हणून आमटीला हात आडवा केला की बुंदी आजही पाटाशेजारी बसकण मारते आणि बक्षिसाची वाट बघते. तू वेगळा शब्द घे. "टेक" घे हवं तर.

आता बसायला शिकवायचं कसं. त्याच्या ढुंगणावर दाब देऊ नकोस. खाऊचा तुकडा त्याच्या नाकाशी धर आणि हळूहळू डोक्यावरून मागं ने. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. टेकलं रे टेकलं की तोंडानं "टक्" असा आवाज काढ आणि तुकडा दे. आठ-दहा वेळा झालं की रिकाम्या हातानं तीच खूण कर, आणि मग त्या खुणेच्या आधी शब्द जोड. शब्द शेवटी येतो, वैजू. आपण सगळे उलटं करतो. शब्दच ओरडत बसतो, आणि त्याला शब्दाचा अर्थ कुणी सांगितलेलाच नसतो.

त्या "टक्"ची गंमत मला उशिरा कळली. तुकडा पिशवीतून काढून द्यायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात पिल्लू उठून कान खाजवायला लागलेलं असतं, आणि बक्षीस पडतं कान खाजवण्याच्या पदरात. "टक्" म्हणजे पावती: हे केलंस त्याचे पैसे मिळतील, हातात यायला वेळ लागेल. पण पावती फाडली की पैसे द्यायचेच. चिन्मयनं आठवडाभर नुसतं टकटक केलं, तेव्हा बुंदीनं त्याच्याकडं बघणंच सोडलं.

खाऊ म्हणजे मोठं काही नको. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि तेवढं जेवणातून कमी कर. एकावेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, बस्स. कारवानी जातीला तेच तेच करायचा भारी कंटाळा असतो. आणि हे मात्र ठळक अक्षरांत लिहिते: बेदाणा नको. तुझ्या सासरी तासगावचा माल पोत्यानं येतो, पोरं खाता खाता सांडतात. द्राक्ष आणि बेदाणा, दोन्हींनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. कांदा आणि चॉकलेटही नको. पोतं माळ्यावर टाक.

मध्यंतरी मी एक मूर्खपणा केला, तो तुलाच सांगते. इथल्या कुणीतरी सुचवलं म्हणून घरी येऊन शिकवणारा एक माणूस बोलावला. त्यानं गळ्यात आवळणारी साखळी घातली, झटके दिले आणि मला म्हणाला, "मॅडम, घरात बॉस कोण हे तिला कळलं पाहिजे. लांडग्यांच्यात असंच असतं." दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला आणि बुंदीनं उभ्या जागी लघवी केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आतून त्याचे पैसे आणले, त्याच्या हातावर ठेवले आणि दार उघडून धरलं.

लांडग्यांचं भाचीनं मग नीट सांगितलं. कोंडून ठेवलेले, एकमेकांना अनोळखी लांडगे भांडताना पाहून ती पुढारीपणाची कल्पना निघाली. डेव्हिड मीच नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं स्वतःच ती आधी लिहून पसरवली, आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यानंच सांगितलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. पुढारी कसला, संसार आहे तो. मला हे ऐकून त्या माणसापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. पहिल्याच झटक्याला मी का नाही थांबवलं?

आणि माझा हात कुठं स्वच्छ होता? त्याच हिवाळ्यात यवतेश्वरच्या घाटात हिचा पट्टा निसटला. माकडांच्या मागं गेली. मी दहा मिनिटं घसा फोडून ओरडतेय, "बुंदी, ये! ये म्हणते ना!" खाली गाड्या चाललेल्या, माझा जीव टांगणीला. शेवटी आली ती, जीभ लोंबतेय, शेपूट हलतेय, एकदम खूश. आणि मी तिला पाठीत धपाटा घातला. भीतीचा राग होता तो, पण तिला काय कळणार? तिचा हिशोब सरळ: "ये" ऐकून गेलं की मार बसतो. पुढं दीड महिना ती हाकेला यायची आणि दोन हातांवर थांबायची. बघत राहायची. मी हात पुढं केला की एक पाऊल मागं. तेवढं अंतर भरून काढायला मला जे करावं लागलं ते एवढंच: "ये" हा शब्द पुसून टाकला आणि लहानपणी गल्लीत कुत्र्यांना घालायचो तीच हाक घेतली, "यूऽ यूऽ". त्या हाकेला जेव्हा जेव्हा आली तेव्हा चिकन. आंघोळीसाठी, औषधासाठी, बांधून ठेवायला ती हाक कधीच मारायची नाही. त्यासाठी आपण उठून जायचं. अजूनही हे घरात कडक आहे. तुझा शेरू तर नजरेनं शिकार करणारा. कृष्णेच्या घाटावर समोरून मांजर पळालं तर तो तुझी हाक ऐकायला थांबायचा नाही. मोकळा सोडायची घाई करू नकोस, लांब दोरी लाव.

चावण्याचं तू विचारलं होतंस. दुधाचे दात आहेत, सुईसारखे. चौथ्या महिन्यापासून पडायला लागतील. तोवर ते चावणारच. हात लागला की खेळ बंद करून उठून जा, आणि चावायला दुसरं काहीतरी दे. शू-शीचं तर साधं आहे: झोपून उठला, जेवला, खेळला की उचलून अंगणात. घरात झालंच तर पुसून टाक. त्यात नाक घासायचं ते आपल्या आजोबांच्या काळातलं, त्यातून फक्त लपून करायला शिकतात. गुरगुरला तर मात्र ओरडू नकोस. गुरगुरणं म्हणजे त्यानं सभ्यपणे सांगितलेलं "पुरे". ते बंद केलंस तर एक दिवस न सांगता चावेल.

आणि एक गोष्ट आजच सुरू कर, कारण ती उद्यावर टाकता येत नाही. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जे जे निर्धास्तपणे पाहतं ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. नेमकं त्याच काळात लशी पूर्ण व्हायच्या असतात आणि पार्वो या जीवघेण्या आजाराची भीती असते, म्हणून डॉक्टर जमिनीवर फिरवू देत नाहीत. मग कडेवर घेऊन फिर. दाढीवाले, छत्रीवाले, हेल्मेटवाले, एसटी, कुकरची शिट्टी, लहान पोरं, सगळं लांबून दाखव, आणि प्रत्येकाबरोबर एक तुकडा. बुंदी आली तेव्हा ती वेळ निघून गेली होती. ढोल वाजला की ती अजून पलंगाखाली जाते, आणि तिथं माझी "बस-थांब" काही कामाची नाही. मी पण खाली चटईवर पडते तिच्याशेजारी.

सासूबाईंना शिकवणं सगळ्यात अवघड गेलं. बुंदीला पानाशी यायचं नाही हे ठरलं, तिची जागा दाराजवळच्या गोणपाटावर. सगळे पाळायचे. तरी ती बरोबर सासूबाईंच्या पाटामागं. मला महिनाभर उलगडा होईना. मग दिसलं: त्या पदराखालून भाकरीचा चतकोर सोडायच्या. म्हटलं, "आई, तुम्हीच तिला बिघडवताय." तर म्हणाल्या, "कुत्र्याचा चतकोर काढल्याशिवाय मी आयुष्यात जेवले नाही, आता काय जेवू?" यावर काय बोलणार? शेवटी तोडगा निघाला. चतकोर त्याच काढतात, पण पहिला घास घ्यायच्या आधी, आणि गोणपाटावर नेऊन ठेवतात. आता आईंनी पाट मांडला की बुंदी आपणहून गोणपाटावर जाऊन बसते. "जागेवर" म्हणायची गरज राहिली नाही. माझ्या पाचातला तो शब्द सासूबाईंनी न उच्चारता शिकवला, आणि हे त्या मला आठवड्यातून एकदा ऐकवतात.

गेल्या रविवारी आम्ही सगळे संगम माहुलीला गेलो होतो. कृष्णा-वेण्णेचं पाणी उतरलंय, घाट मोकळा होता. तिथं साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, शाळेच्या सहलीत आपण पाहिली होती बघ. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. सासूबाईंनी तिथं फूल वाहिलं. मी बुंदीला "थांब" म्हणून पंधरा पावलं मागं गेले. शेजारून शेळ्यांचा कळप गेला. तिचे कान टवकारले, पुढचा पाय उचलला, माझ्याकडं पाहिलं, पाय खाली ठेवला. मी घाईघाईनं "टक्" केलं आणि खिशात हात घातला तर खाऊ संपलेला! चिन्मयच्या हातातला अर्धा वडा ओरबाडला, बटाट्यात कांदा दिसला, परत दिला. शेवटी नुसतीच मिठी मारली. पावती थकलेली आहे, घरी येऊन चुकती केली.

दिवाळीआधी तुम्ही येताय ना? मग दारात एवढं कर. बेल वाजवलीस की बुंदी उडी मारेल. ते अजून अर्धवटच जमलंय, कारण येणारे जाणारे सगळे "असू दे, असू दे" म्हणून लाड करतात. तू करू नकोस. छताकडं बघ, पाठ फिरव, काही बोलू नकोस. चारही पाय जमिनीवर आले की मग काय ते लाड कर. शेरूला आणशील तर आधी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून फोन कर, मी बुंदीला घेऊन खाली येते. दोघांची ओळख घरात नको, रस्त्यावर चालता चालता होऊ दे. त्याच्या लशीचं कार्ड आण. मोती चौकातले कंदी पेढे तुझ्यासाठी आणून ठेवते, ते उंच फडताळात असतील. आईंना विचारू नकोस कुठं आहेत ते.

तुझी,
मंदा

ता. क. आत्ता हे पत्र बंद करतेय तर बुंदी माझी चप्पल घेऊन चाललीय. खाली राहिली होती.